तळाचा नंबर

"पेल्याचे दोन तुकडे हवेत, चांदभाई. सुटे केले की मशीनचे पार्ट वाटले पाहिजेत," इयोन मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाला.

चांदभाईने लेथ बंद केला. भोसरीच्या या कारखान्यात मशिनं बसवायला रुमानियाहून आलेल्या फिटरशी त्याचं दोन वर्षांत छान मेतकूट जमलं होतं. चांदभाईच्या बायकोच्या, नूरबीच्या हातची भाकरी दोघं एकाच डब्यातून खात.

"पन पेला कशाला, साहेब?"

इयोनने आजूबाजूला पाहून सांगितलं. पेला त्याच्या ग्रीक-कॅथलिक पंथाच्या बिशपसाठी होता. कम्युनिस्ट सरकारने पंथावरच बंदी घातली, पोपला सोडा म्हणून दरडावलं. म्हातारा हटला नाही. सोळा वर्षं तुरुंगात काढली. आता एका खोलीत नजरकैदेत होता. प्रार्थनेचा पेलाही पोलिसांनी नेला होता.

"सापडलात तर?"

"मग मीही आत."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत चांदभाईने नमाजाआधी करतात तसा हातपाय-तोंड धुऊन वजू केला आणि मगच पोलादाला हात लावला. दुव्याचं भांडं होतं ते. असा देखणा पेला उतरला की त्याचं त्यालाच कौतुक वाटलं.

इयोन पेला घेऊन मायदेशी गेला त्या संध्याकाळी चांदभाईचा घास हातातच राहिला.

"नूरबी, घोटाळा झाला! सवयीनं तळाला माझा टोकन नंबर ठोकलाय. दोनशे सत्तेचाळीस."

"मग काय झालं?"

"देवाच्या भांड्यावर कामगाराचा नंबर? आन् पोलिसांनी इचारलं, तर बिचारा काय सांगंल?"

पुढे थेरगावात दोन खोल्या झाल्या, मुलीचं, फरीदाचं लग्न थाटात झालं. सगळं झकास चाललं होतं. ही एक रुखरुख मात्र गेली नाही.

पाच वर्षांनी, चौऱ्याहत्तर साली, मशिनं दुरुस्त करायला इयोन परत आला. चांदभाईचा जीव भांड्यात पडला.

"पोचला पेला?"

"पोचला. बिशप मागच्या साली गेले. शेवटपर्यंत तोच वापरला."

"आन् त्यो नंबर?" चांदभाईने खाली मान घालून विचारलं.

"त्यांनी आधी तोच पाहिला. बोटानं चाचपला. तुरुंगात त्यांना नावानं हाक नव्हती, नंबरच होता. म्हणाले, नंबर आहे म्हणजे माणूस आहे. त्याचं नाव सांग. मग रोज प्रार्थनेत तुझं नाव घ्यायचे."

चांदभाईचे डोळे भरून आले. "नीट घेता यायचं का त्यास्नी?"

"नाही. पण रोज घ्यायचे."

सुट्टी संपल्याचा भोंगा झाला. चांदभाईने सकाळी लेथवर कातलेला बुश हा मशीनचा पार्ट उचलला, आकडे ठोकायचा पंच घेतला आणि त्यावर आपला नंबर ठोकला. आज जरा जपून ठोकला.