खासदारांच्या अक्षता

लग्नसराई आली की काकासाहेबांच्या घरात चहाचं आधण चुलीवरून उतरत नसे. कुणी भोकरदनचं, कुणी परतूरचं, कुणी अंबडचं. प्रत्येकाच्या हातात हळदीकुंकवाची बोटं लावलेली पत्रिका आणि तोंडी एकच वाक्य, "साहेब, तुमी आल्याबगर मंगलाष्टकं व्हनार न्हाईत!" आणि खरंच होत नसत. मुहूर्त टळून जाई, नवरानवरी घामाघूम होत, वऱ्हाडातली लेकरं भुकेनं रडत, पण खासदारांची जीप येईपर्यंत अंतरपाट काही धरला जात नसे. वाचकहो, हसू नका. अशा मांडवात आपणही पुढाऱ्याची वाट बघत बसलेलो आहोत.

काकासाहेब माणूस वाईट नव्हते. सत्त्याहत्तर साली निवडून गेले ते दिल्लीत मुके बसले नाहीत. मुलीच्या लग्नाचं वय पंधरावरून अठरा करायचा कायदा सभागृहात आला, तेव्हा ते पोटतिडकीनं बोलले. "आमच्या भागात पोरीच्या हातातली पाटी सुटत नाही तोच तिच्या कडेवर पोर येतं," हे त्यांचं वाक्य पेपरात छापून आलं. त्याचं कात्रण चौकट करून बैठकीत लावलं होतं. रस्ते, धरणं होतच राहतील, आधी हे काम, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. आणि त्याच चौकटीखाली बसून पत्रिका घेत. नवरीचं वय मात्र विचारत नसत. "तेवढं इचारू नका साहेब, मतं तुटतेत," असं त्यांचा कार्यकर्ता भुजंग म्हणे, आणि ते त्यांना पटे.

एकोणऐंशी सालच्या वैशाखात वडीगोद्रीच्या कडूबाकडे धाकट्या पोरीचं लग्न निघालं. दुपार कलल्यावर जीप गावात शिरली.

"साहेब, जल्दी करू," भुजंग म्हणाला. "अक्षता टाकायच्या, दोन शब्द बोलायचे अन् निघायचं. आष्टीचं लगन खोळंबून राह्यलंय. पन कडूबाला नाराज करून चालनार न्हाई, सारी भावकी त्याच्या शब्दात हाय."

लाउडस्पीकरवर खासदारांच्या आगमनाचा पुकारा झाला. काकासाहेब घरासमोर उतरले आणि सवयीनं भिंतीकडे वळले. लग्नघराच्या भिंतीला चुना देऊन वर गेरूनं नवरानवरीची नावं रंगवतात, ती ते आधी वाचून घेत, म्हणजे माइकवर चूक होत नसे. चि. पुंजाराम आणि चि. सौ. कां. बेबीनंदा. पण चुना पातळ लागला होता. खाली जुनी अक्षरं दिसत होती. चि. पुंजाराम आणि चि. सौ. कां. सोनू.

"भुजंग, हे काय रे? नवऱ्याचं नाव दोनदा कसं?"

"नवरा तोच हाय साहेब. थोरली पोरगी, सोनू, दिल्ती त्याला. दिवाळीच्या सुमाराला बाळंतपनात गेली बिचारी. मंग आता धाकटी देऊन राह्यले. तुमी आल्ते की थोरलीच्या लग्नाला, निवडून आले त्याच साली."

काकासाहेबांनी खूप आठवून पाहिलं. हार आठवला, फेटा आठवला, भाषणाला पडलेल्या टाळ्याही आठवल्या. पोरीचं तोंड काही आठवेना.

तोवर लोकांनी त्यांना बोहल्यापाशी नेलं. बेबीनंदा पाटावर उभी होती. मुंडावळ्या डोळ्यांवर येत होत्या. हिरवा चुडा मनगटात राहत नव्हता, म्हणून कुणी तो दोऱ्यानं बांधून दिला होता. ती एका हातानं तो दोरा चाचपत होती. काकासाहेबांच्या मुठीत कुणीतरी अक्षता दिल्या.

"बाळ, वय काय तुझं?" त्यांनी विचारलं. आजवर कधी न विचारलेला प्रश्न असा अचानक तोंडातून गेला.

पोरीनं बापाकडे पाहिलं. कडूबा हसत पुढं झाला. "अठरा, साहेब. बिलकुल अठरा!"

"खोटं!"

बायकांच्या घोळक्यातून एक म्हातारी उठली. कडूबाची आई, झुंबरबाई. "तेरावं सरून चौदावं लागलंय तिला. थोरलीबी एवढीच व्हती."

"माय, तू गप बस!"

"गपच बसले रे, म्हनून तर पोरगी गेली!" ती काकासाहेबांसमोर येऊन उभी राहिली. "साहेब, सोनूच्या लग्नाला म्या आडवी पडल्ते. म्हनलं, पोर लहान हाय, थांबा जरा. तर ह्यो मला म्हनला, माय, खुद्द खासदार येऊन राह्यले. वंगाळ काम असतं तर ते आले असते का? मंग माझं तोंडच बंद झालं. तुमच्यापुढं मला कोन इचारतंय? पोरीला कळा लागल्या तवा तिच्या अंगात जोरच न्हाई. अंबडला न्यायला गाडी जुपली. माझ्या मांडीवर डोस्कं व्हतं तिचं. आजी, मला घरी ने, म्हनली. रस्त्यातच गेली, साहेब. पोटातलंबी गेलं."

लाउडस्पीकर तेवढा खरखरत होता.

"आजी," काकासाहेब कसंबसं म्हणाले, "मी दिल्लीत ह्याच्याविरुद्ध बोललो. कायदा केलाय आम्ही."

"केला असंल. दिल्लीतलं बोलनं आमाला ऐकू येत न्हाई, साहेब. तुमी मांडवात आले, ते साऱ्या गावानं पाह्यलं."

अरेरे! त्या चौकटीतल्या कात्रणाची काकासाहेबांना मनस्वी लाज वाटली. कायदा त्यांनीच मागितला आणि गावोगाव जाऊन तो मोडायला तेच उभे राहिले! किती मांडवांत कितीजणींवर त्यांनी डोळे मिटून अक्षता टाकल्या असतील? त्यातल्या कितीजणी आज धड आहेत? त्यांनी मुठीतल्या अक्षता ताटात परत ठेवल्या आणि माइक हातात घेतला.

"मंडळी, मी ह्या लग्नाला अक्षता टाकणार नाही. सोनूच्या लग्नाला टाकल्या, ते माझं पाप आहे. हे लग्न थांबवा. तरी लावायचंच असेल तर मी फौजदाराला घेऊन येतो आणि पहिला गुन्हा माझ्यावर लिहायला लावतो!"

एकच गलका झाला. वरपक्षाची म्हातारी माणसं शिव्या देत उठली. "साहेब, मतं गेली!" भुजंगानं डोक्याला हात लावला.

"जाऊ दे," काकासाहेब म्हणाले.

एवढ्यात नवऱ्या मुलानं, पुंजारामानं, स्वतःच बाशिंग सोडलं. तोही जेमतेम विशीचा. "मलाबी हे नको व्हतं," तो खाली बघत म्हणाला. "हिच्याकडं पाह्यलं की सोनू दिसती." मग मात्र कडूबा मांडवाच्या मेढीला धरून खाली बसला आणि लहान लेकरासारखा रडला. लेक गेल्यावर तो इतका रडला नव्हता, असं शेजारीपाजारी सांगतात.

आष्टीचं लग्न त्या दिवशी खासदारांवाचून लागलं. काकासाहेब कडूबाच्या ओसरीवरच बसून राहिले. वऱ्हाड निघून गेलं होतं. बेबीनंदा आजीच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती, चुड्याचा दोरा अजून तसाच. कडूबा चुन्याची बादली घेऊन भिंतीवरची नावं पुसायला गेला.

"बेबीनंदाचं पूस," झुंबरबाई म्हणाली. "सोनूचं राहू दे. दुसरं काई न्हाई रे तिचं."

पुढं काकासाहेबांकडे पत्रिका घेऊन कुणी आलं की ते आधी नवरीचं वय विचारू लागले. शाळेचा दाखला बघितल्याशिवाय जीप हलेना. पत्रिका कमी झाल्या, मतंही तुटली असतील. ते भुजंगाला विचारा.

बंधुभगिनींनो, कायदा दिल्लीत होतो, पण तो पाळायचा की नाही हे आपल्या मांडवात ठरतं. पुढाऱ्याला नावं ठेवून आपण सुटत नाही. पत्रिका हातात आली की पोरीचं वय विचारा, आणि पोर लहान असेल तर त्या मांडवात पाऊल टाकू नका. आपण नुसते जेवायला गेलो तरी आपली संमती मोजली जाते. सोनूच्या लग्नात सारा गाव जेवला. कुणी एकानं जरी विचारलं असतं, तर त्या वैशाखात ती सोळाव्या वर्षात असती.