भिंतीवरचं कपाळ

“तुझ्या कपाळाला काय झालं गं, सारजे?”

शीलावहिनींनी गव्हाचा डबा गिरणीच्या ओट्यावर टेकवला आणि दारातूनच विचारलं. सारजाचा हात आपसूक कपाळाकडे गेला. कुंकू जागच्या जागी होतं, सकाळी मेणावर लावलं तसं घट्ट. तिने मानेनेच काय म्हणून विचारलं. वहिनींनी तोंडाने काही सांगितलं नाही, नुसती हनुवटी उचलून समोरची भिंत दाखवली.

ती भिंत काही दिवस हिरव्या जाळीआड होती. सकाळी पोरांनी जाळी उतरवली, पण दळणाच्या घाईत सारजाला मान वर करायला फुरसत कुठली? तिने चालू दळण संपवलं, चक्की बंद केली आणि बाहेर येऊन उभी राहिली.

भिंतभर तीच होती. भुवयांवर पीठ, पापण्यांवर पीठ, कानामागच्या केसांवर पीठ आणि डोळ्यांत ते नेहमीचं, बारीक दळू का जाडसर असं विचारणारं बघणं. नाक तिचं, हनुवटीवरचं गोंदण तिचं. कपाळ मात्र कोरं. एवढं रुंद कपाळ आपल्याला आहे हे तिला त्या दिवशीच कळलं.

गल्लीचं तोवर बघून झालं होतं. कुणी मोबाइलवर फोटो काढले, कुणी बघितलं आणि मान खाली घालून पुढे गेलं. तिच्या तोंडावर कुणी बोललं नाही. तो मान शीलावहिनींचा.

जुन्नरातली ही गल्ली तशी काही बघण्यासारखी नव्हती. एका बंद वखारीची मागची भिंत, समोर गिरणी, गिरणीमागे सारजाचं दोन खोल्यांचं घर. भिंतीने आजवर सगळं सोसलं होतं. निवडणुकीची चिन्हं, क्लासच्या जाहिराती, पानाच्या पिचकाऱ्या. लोकांनी तिथे उभं राहून मोकळं होऊ नये म्हणून देवांच्या फरशा लावून झाल्या, तरी लोक देवांच्या मधली जागा शोधून काढत. मग शहर सुंदर करायचं ठरलं आणि पुण्याहून चित्रकलेची पोरंपोरी रंगाचे डबे घेऊन आली. त्यांनी गल्लीच्या तोंडाला पहिल्यांदा बिबट्या काढला. आता जुन्नरच्या माणसाला बिबट्या काय ते सांगायला नको. उसातून निघालेला, मान वळवून बघणारा तो बिबट्या रंगला आणि जे देवांना जमलं नव्हतं ते झालं. त्याच्याकडे पाठ करून उभं राहायची कुणाची छाती होईना. गल्लीचा वास गेला. मग बाहेरगावची माणसं येऊन बिबट्यापाशी फोटो काढू लागली, आणि शीलावहिनी रोज दारात सडा घालू लागल्या.

त्या पोरांमधली अमृता नावाची मुलगी चहा प्यायला गिरणीच्या ओट्यावर बसायची. ती इकडचीच, शेजारच्या आंबेगाव तालुक्यातली, शिकायला पुण्यात राहिलेली. एकदा म्हणाली, मावशी, मोठ्या भिंतीवर मी तुम्हाला घेणार. सारजा हसली. तिला वाटलं, पोरगी थट्टा करते. पण अमृताने चक्की चालू असताना तिचे फोटो घेतले, पिठाने माखलेल्या तोंडाचे. त्या पिठात कुंकूही बुडालं होतं.

आणि सारजाच्या कुंकवाची गोष्ट साधी नव्हती. तिचा नवरा कुंडलिक नारायणगावच्या बाजारातून टोमॅटोची गाडी घेऊन सुरतेला गेला, त्याला वीसेक वर्षं झाली. माल उतरला, गाडी बाजाराच्या फाटकापाशी नीट लावलेली सापडली, किल्ली रखवालदाराकडे होती. माणूस नव्हता. भांडण नाही, दारू नाही, कुणाशी वैर नाही. पोलिसांत वर्दी दिली, सुरतेला दोनदा जाऊन आले. मग कुणी म्हणे नाशकात दिसला, कुणी म्हणे ओझरच्या गणपतीपुढे रांगेत होता, हाक मारली तर गर्दीत शिरला. हळूहळू लोक दिसला म्हणायचेही थांबले.

कुंडलिकने सारजाला कधी मारलं नव्हतं, उणं बोलला नव्हता. तेच तिला जास्त छळायचं. वाईट असता तर त्याच्या नावाने बोटं मोडून मोकळी झाली असती. मूलबाळ नव्हतं. होती ती त्याची आई, कुशाबाई. तिच्यापुढे कुणी ‘गेला’ हा शब्द काढायचा नाही. सारजाने एकदा, पहिल्या दोन-तीन वर्षांतली गोष्ट, सकाळी कुंकू लावलं नाही. मुद्दाम नव्हे, मन लागलं नाही म्हणून. कुशाबाईने त्या दिवशी पाण्याचा घोटही घेतला नाही. तेव्हापासून सारजाने खंड पडू दिला नाही. आता काचबिंदूने म्हातारीचे दोन्ही डोळे गेले होते, पण रोज अंघोळीनंतर आतून प्रश्न यायचा, लावलंस का? आणि सारजा म्हणायची, लावलं, आत्या. सासूला ती आत्या म्हणे.

कुंकवाला कुणाची ना नव्हती. शीलावहिनींची जाऊ नवऱ्यामागेही टिकली लावते, कुणी बोट दाखवत नाही, दाखवूही नये. सारजाचं दुखणं वेगळं होतं. दुसऱ्या बाया कुंकू लावत, ती वाट बघणं लावत होती. हळदीकुंकवाला कुणाकडे गेलं की कपाळाला बोट टेकवताना बाई हमखास हळू आवाजात विचारणार, काही कळलं का गं? आणि हिने नाही म्हणायचं. वडाला दोरा गुंडाळताना तर तिला स्वतःचं हसू यायचं, आणि हसू आलं म्हणून रडू.

त्या दुपारी ती भिंतीसमोर बराच वेळ उभी राहिली. आधी तिला धस्स झालं. मग लाज वाटली. आणि मग, कुणाला सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं, तिला बरं वाटलं. भिंतीवरच्या बाईला कुणी काही विचारणार नव्हतं.

संध्याकाळी अमृता धावत आली. तिला पोरांकडून कळलं होतं. तोंड एवढंसं झालेलं.

“मावशी, आमच्या घरात कुणी लावत नाही. आई नाही, आजी नाही. माझ्या ध्यानातच आलं नाही. उद्या सकाळी आधी तेच करते.”

उद्या दुपारी त्यांचं सामान घोडेगावला जाणार होतं, तिथल्या भिंती वाट बघत होत्या. जे करायचं ते सकाळीच. सारजा चाळणी झटकत राहिली. सकाळी सांगते, असं म्हणाली. अमृताला वाटलं, मावशी रागावली. ती बिचारी आणखीच ओशाळली.

घरात कुशाबाई गप्प बसली होती. सून भिंतीवर चढली म्हणून गेले काही दिवस तिने येणाऱ्याजाणाऱ्याला अभिमानाने सांगितलं होतं. आज तिच्या कानावर पुढची बातमी आली होती, आणि ती कुणी आणली हे सांगायची गरज नाही. सारजाने भाकरी वाढली, कालवण वाढलं, वाटी म्हातारीच्या हाताला लावून दिली.

“पुसलंस का तू?” कुशाबाईने विचारलं.

“पुसलं न्हाई. पीठ व्हतं तोंडावर. पोरीला दिसलं न्हाई.”

“मग लावून घे म्हणावं. गावाची भिंत हाये ती. माझं पोरगं मेलं न्हाई अजून.”

एरवी सारजा हो म्हणाली असती. इतकी वर्षं ती हो म्हणतच आली होती. पण दुपारपासून तिच्या डोळ्यांसमोरून ते कपाळ हलत नव्हतं.

“आत्या, मला ते तसंच बरं दिसलं.”

म्हातारीचा हात ताटात थांबला. सारजाला वाटलं, आता ताट सरकवणार. कुशाबाईने ताट सरकवलं नाही. भाकरीचा तुकडा मोडत तिने विचारलं, “कशी दिसतीस गं तितं?”

“मोकळी दिसते.” सारजाने वाटीत आणखी कालवण घातलं. “कुनाची वाट बघत नसल्यावानी.”

“माझ्यापायी लावतीस ना तू?”

“व्हय, आत्या.”

कुशाबाईने भाकरी संपवली, चूळ भरली आणि भिंतीकडे तोंड करून पडली. तिला झोप लागली नव्हती हे सारजाला कळत होतं. आपण बोलायला नको होतं असंही तिला वाटलं, आणि बोललो ते बरं झालं असंही वाटलं.

सकाळी अंघोळ झाली. सवयीने मेण लागलं, कुंकू लागलं. आतून प्रश्न काही आला नाही. सारजा गिरणी उघडायला निघाली तशी कुशाबाई काठी चाचपत उठली आणि म्हणाली, मला भिंतीपशी ने.

सारजाच्या खांद्यावर हात ठेवून ती गल्ली ओलांडून आली. समोर अमृता परांचीच्या पायाशी बसून लाल रंग घोटत होती. म्हातारीला बघून ती उठून उभी राहिली. कुशाबाईने भिंतीला तळवा लावला आणि जमेल तितका वर नेला. हे काय, तिने विचारलं. सारजा म्हणाली, हनुवटी. म्हातारी टाचा उंचावून आणखी चाचपडली. वर ओठ होते, नाक होतं, कपाळ तर कुठल्या कुठे. तिचा हात हनुवटीच्या वर पोहोचला नाही.

अमृताला वाटलं, घरातलं वडीलधारं माणूस आलंय, तर त्यांनाच विचारावं. ती चित्र काढणारी मुलगी. तिच्या लेखी फुलं काढायची, पाखरं काढायची, बिबट्याच्या मिशा काढायच्या. तिने सरळ विचारलं,

“आजी, कुंकू काढू ना?”

कुशाबाईच्या बोलीत कुंकू लावतात, रेखतात, भरतात. काढतात ते एकदाच, नवरा गेल्यावर. भिंतीवरचा हात तसाच राहिला. म्हातारी काय ऐकते आहे हे सारजाच्याही ध्यानात आलं नव्हतं.

“काढ,” कुशाबाई म्हणाली.

अमृताचा जीव भांड्यात पडला. डबा घेऊन ती चटाचटा परांचीवर चढली. सारजाने मान खाली घातली. ठीक आहे, तिने मनाला समजावलं, एक दिवस तरी बघायला मिळालं. आता रोज गिरणीचं दार उघडायचं आणि समोर पुन्हा तेच बघायचं. तिला आतून फार एकटं वाटलं.

तेवढ्यात कुशाबाईने भिंतीवरचा हात काढला आणि तो हवेत सारजाला शोधू लागला. खांदा सापडला, गाल सापडला. मग कपाळ. पदराचं टोक तिने तोंडात धरून ओलं केलं आणि सारजाचं कुंकू पुसायला घेतलं. मेणावरचं कुंकू ते, एका हाताने निघेना. म्हातारीने दुसऱ्या हाताने तिची मान धरली, लहान मुलाचं तोंड पुसताना धरतात तशी, आणि पुन्हा पुसलं. सारजा हललीसुद्धा नाही.

“मीच काढाया पायजे व्हतं,” कुशाबाई म्हणाली. “लई वर्सं झाली. तुझ्या कपाळावर मी माझं पोरगं जिवंत ठिवलं.”

मग आवाज न करता ती रडू लागली. मुलगा गेल्यावर जे रडायचं ते तिने इतकी वर्षं साठवून ठेवलं होतं, आणि आता ते सकाळच्या गल्लीत, सडा घालणाऱ्या शीलावहिनींच्या देखत बाहेर येत होतं. वहिनींच्या हातातली बादली तशीच राहिली.

“गेला गं माझा कुंडलिक,” कुशाबाई म्हणाली.

सारजाने तिला दोन्ही हातांनी धरलं. तिच्याही डोळ्यांतून पाणी येत होतं. ते कुंडलिकसाठी होतं, म्हातारीसाठी होतं, आणि खरं सांगायचं तर स्वतःसाठी जास्त होतं.

वर अमृताची पाठ होती. तिने गोल पुरा केला, कुंचला बाजूला घेतला आणि नीट आलंय का विचारायला मागे वळली. खाली तिला सारजा दिसली. कपाळ रिकामं, घासून तांबूस झालेलं. अमृताने एकदा भिंतीकडे बघितलं, एकदा खाली, आणि आपल्या हातून काय झालं ते तिच्या ध्यानात आलं. तिने घाईने फडका उचलला. रंग अजून ओला होता, पुसला असता तर निघाला असता.

सारजाने मान वर करून बघितलं. भाकरीएवढं लालभडक कुंकू, उन्हात चमकणारं. तिने म्हातारीच्या पाठीमागून हात हलवून अमृताला नको म्हणून खूण केली. फडका अमृताच्या हातातच राहिला.

“समदं गेलं का गं?” कुशाबाईने तिच्या कपाळावरून बोट फिरवत विचारलं.

“गेलं, आत्या,” भिंतीकडे बघत सारजा म्हणाली.