चालतंय कोण?

सुनावणीत सोफ्यांच्या शोरूमचे मालक बोलायला उभे राहिले तेव्हा मी निर्धास्त होते. बाजारकेंद्राची नवी नियमावली मी वर्षभर बसून लिहिली होती आणि विरोध त्यांच्याकडूनच येणार हे नगररचना खात्यातल्या शिपायालाही ठाऊक होतं. आमच्या उपनगरात जुन्या नियमाप्रमाणे प्रत्येक दुकानापुढे सत्तर फूट जागा गाड्यांसाठी सोडावी लागे. आधी सहापदरी रस्ता, मग गाड्यांचं मैदान आणि मग कुठेतरी लांब दुकानाचं दार. माझ्या नियमांनी ते उलटंच केलं होतं. इमारत फुटपाथला लागून, दार रस्त्याकडे, गाड्या मागच्या अंगाला. खाली दुकानं, वर घरं. फुटपाथ बारा फुटी.

"मॅडम, या बारा फुटांवर चालतंय कोण?" सोफेवाले म्हणाले. "तुमच्याच पाहणीत लिहिलंय, तीन दिवसांत नऊ माणसं. नऊ! एवढी तर माझ्या एका सोफ्यावर मावतात."

सभागृह हसलं. मीही कसनुसं हसले. आकडा माझाच होता. तीन सकाळी ऑफिसच्या गाडीत, काचा वर करून, मांडीवर वही घेऊन मी तो मोजला होता.

आणखी कोणाला बोलायचंय का, असं अध्यक्षांनी विचारलं. मागच्या रांगेत खुर्ची सरकली. मी कागद चाळत होते, मान वर केली नाही.

"मी चालते."

हात जागच्या जागी थांबला. आवाज माझ्या आईचा होता.

माझी आई चौसष्ट वर्षांची. डोळ्याच्या ऑपरेशननंतर तिने गाडी चालवणं सोडलं. माझ्या माहितीप्रमाणे ती रोज सकाळी शेजारच्या इमारतीत मैत्रिणीकडे पत्ते खेळायला जायची. ती माईकपाशी आली, माईक स्वतःच खाली ओढला आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"ड्रायक्लीनिंगच्या दुकानात मी कपडे दुरुस्त करते. दीड वर्ष झालं. घरून चालत पस्तीस मिनिटं. पेट्रोल पंपापर्यंत फुटपाथ आहे, पुढे गवत. त्यानंतर यांचं मैदान." तिने सोफेवाल्यांकडे हात केला. "कडेने वाटच नाही, मग काय करणार? उभ्या गाड्यांमधूनच जाते. रिव्हर्स घेणाऱ्या गाडीला मी दिसत नाही. दोनदा थोडक्यात वाचले."

दीड वर्ष? कसलं दुकान?

"पण पाहणीत तर..." अध्यक्ष चाचरले.

"पाहणीत मी कशी असेन? मोजायला मुलगीच बसली होती. लांबूनच तिची गाडी दिसली, म्हणून तिन्ही दिवस मी नाल्याच्या कडेने गेले. तिसऱ्या दिवशी पडले."

अध्यक्ष माझ्याकडे वळले. "या आपल्या कोण?"

"आई," मी म्हणाले.

हॉलमध्ये कोणी हसलं नाही. मला तिचा सुजलेला गुडघा आठवत होता. बाथरूममध्ये घसरले, असं तिने सांगितलं होतं आणि मी शहाण्यासारखी तिथे रबरी चटई आणून टाकली होती.

पाहणी नव्याने करा, असा निर्णय देऊन अध्यक्षांनी सुनावणी पुढे ढकलली.

गाडीत बसल्यावर मी किल्ली फिरवलीच नाही. "मला का नाही सांगितलंस?"

"तू म्हणाली असतीस, आई, तुला घरात काय कमी आहे? आणि कमी काहीच नव्हतं गं, म्हणून तर सांगता येईना." ती पर्सच्या बंदाशी चाळा करत राहिली. "घरात मला कोणी काही विचारत नाही. तिथे लोक बाही पुढे करतात आणि विचारतात, बाई, हे होईल का?"

दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर चालत गेले. नकाशावर ती दीड इंचाची रेघ होती. गवतात माझी चप्पल रुतली, मैदानात रिव्हर्स येणारी एक गाडी हातभर अंतरावर थांबली आणि मी किंचाळले. आईने नुसतं माझं कोपर धरून मला बाजूला घेतलं, रोजची सवय असल्यासारखं.

पुढच्या आठवड्यात आम्ही पाच ठिकाणी माणसं उभी केली, गाडीत नाही, पायावर. आणि सकाळी सहापासून. नाल्याची कडही सोडली नाही. तीन दिवसांत चारशे बारा माणसं निघाली. सफाईवाल्या, नर्स, रात्रपाळी संपवून परतणारे, आणि सोफेवाल्यांचेच दोन हमाल. मी बेरीज तीनदा केली. इतकी वर्षं ही सगळी माणसं माझ्या डोळ्यांदेखत जात होती!

नियमावली एका मताच्या फरकाने मंजूर झाली. सोफेवाल्यांनी शेवटपर्यंत विरोध केला, पण मैदानाच्या कडेने चालायला पांढरा पट्टा मात्र आखून दिला. "नवीन इमारत होईपर्यंत," असं मला बजावूनच.

त्या रस्त्यावर पावसाळी गटारांचं काम सुरू झालं तेव्हा मी आईला म्हणाले, "काही दिवस गाडीने सोडते तुला."

"नको गं. आम्ही पाचजणी असतो आता. सुनावणीनंतर एकेकीने थांबवून ओळख करून घेतली." ती दारात चपला घालत होती. "त्यातली एक तुमच्याच ऑफिसात फरशी पुसते. अकरा वर्षं झाली म्हणे."

मी ऑफिसात जाऊन त्या बाईंना शोधलं. मला बघून त्यांनी बादली बाजूला सरकवली, मी पुढे जाईन म्हणून.