करड्या कोटाचा दोरा

दुकान उघडायच्या आधी मी आणि माझी थोरली जाऊ, अक्का, रोज एक संस्कृत स्तोत्र म्हणतो. सासूबाईंनी रफूच्या पहिल्या टाक्याबरोबरच ते शिकवलं. अर्थ त्यांनी सांगितला नाही, आम्ही विचारला नाही. माझी शाळा चौथीला संपली; पण चाळीस वर्षांत त्यातलं एक अक्षर माझ्याकडून गळलेलं नाही, हे मी कुणापुढेही सांगते.

त्या सकाळी स्तोत्र संपतंय तोच संस्कृतचे मास्तर कोट न्यायला दारात उभे. ठिणगी उडून बाहीला भोक पडलं होतं. मी ऐटीत कोट पुढे केला. मास्तरांनी तो उजेडात धरला आणि माझं तोंड उतरलं. करड्या बाहीवर नखाएवढा निळसर डाग.

आमच्या कामाचा पहिला नियम असा, की रफूचा दोरा त्याच कापडाच्या आतल्या दुमडीतून काढायचा. बाहेरचा लावायचा नाही. अक्कांनी शेजारी पडलेल्या दुसऱ्याच कोटाचा दोरा काढला होता. दिव्याखाली दोन्ही कोट करडेच दिसतात.

मास्तरांसमोरच मी बोलले, "अक्का, डोळे साथ देत नसतील तर सुई खाली ठेवा. घराण्याचं नाव कशाला घालवता?"

अक्कांनी सुई खरंच खाली ठेवली. बोटावरची टोपी काढली, नीट डबीत घातली आणि आतल्या खोलीत गेल्या. ट्रंक ओढल्याचा आवाज आला. लेकीकडे कायमचं राहायला जायचं महिनाभर त्यांच्या मनात घोळतच होतं. आज मी मुहूर्त काढून दिला.

मास्तर घुटमळले. मग हळूच विचारलं, मघाशी म्हणत होतात त्याचा अर्थ ठाऊक आहे का. मी म्हटलं, अर्थाला तुम्ही आहात की, आम्हाला भोकं बुजवायची असतात. तर ते स्टुलावर बसून सांगायलाच लागले. मी निराळी, ती निराळी, ही म्हणे नुसती वरची नावं. आत जे जाणतंय ते एकच, सगळ्यांत तेच. दुसरं कुणी नाहीच.

"मग भोक तुमच्या कोटाला पडलं की माझ्या?"

"कोट माझाच," मास्तर हसले. "पण जाऊबाईंना बोललात, तेव्हा चेहरा तुमचाही पडला."

मी कोट त्यांच्या हातातून काढून घेतला. संध्याकाळी या, म्हणून त्यांना वाटेला लावलं.

निळे टाके कसेबसे उसवले. दुमडीतून दोरा काढला आणि सुई हातात घेऊन बसून राहिले. खरं सांगायचं तर गेल्या वर्षापासून माझा उजवा हात थरथरतो. बारीक काम सगळं अक्का करत होत्या आणि शाबासकी मी घेत होते. त्यांनी हे कधी कुणाला बोलून दाखवलं नाही. मलासुद्धा नाही.

कोट घेऊन आत गेले. ट्रंकेत लुगड्यांच्या घड्या अर्ध्यापर्यंत आल्या होत्या.

"अक्का, रंग मी बघते. टाका तुम्ही घाला."

"आंधळीचा टाका चालेल तुला?"

"ते मी मलाच बोलले असं समजा. मास्तर म्हणतात, दोन कुणी नाहीतच."

"सोयीचं तेवढं बरं लक्षात राहतं गं तुझ्या, धाकटे."

पण हात पुढे झाला. पलंगावर गुडघ्याला गुडघा लावून बसलो. मी सांगत होते, हा उचला, हा सोडा; त्यांची बोटं कापडावरून मुंगीसारखी चालत होती. मध्येच त्यांनी माझं मनगट धरलं, थरथर थांबेपर्यंत धरून ठेवलं, आणि पुन्हा कामाला लागल्या.

दुपारी कोट दारात नेला. खोड काढण्यात माझा हात कुणी धरणार नाही; पण जोड कुठे आहे ते मलाच सापडेना.

"त्या दुसऱ्या कोटाचं काय?" आतून अक्का विचारत होत्या. "त्याची दुमड मी उसवून ठेवलीय. उद्या आधी तो घेऊ."

उद्या म्हणाल्या. मी कोट खुंटीला लावला, आत गेले आणि लुगडी फळीवर ठेवून ट्रंक पलंगाखाली ढकलली. तेवढं थरथरत्या हातालाही जमतं.