मुक्काम जंगलात

अब्बास मुकादम आखातात अल खोरला राहायचा आणि तिथल्याच एका कंपनीत कागदपत्रांचं काम बघायचा. त्याला डोंगर चढायची आवड आहे, हे त्याच्या बायकोला, कनीजला, लग्नानंतर वीसेक वर्षांनी कळलं. रत्नागिरीजवळ अब्बासचं घर मुळात डोंगराच्या उतारावरच. पण सुट्टीत गावी गेला की खालच्या नाक्यापासून घरापर्यंतसुद्धा तो रिक्षानेच जायचा.

निमित्त झालं अश्फाकच्या फोनचं. अश्फाक म्हणजे कनीजचा धाकटा भाऊ, अमेरिकेत अटलांटाला राहणारा. "दुल्हाभाई, जूनमध्ये या सगळे. इथून गाडीने गेलं की अ‍ॅपलाचियन डोंगर. तंबू ठोकू, पायी भटकू."

अश्फाक बोलून विसरून गेला. अब्बास विसरला नाही.

त्याने अस्वलांपासून सुरुवात केली. तिथल्या रानात काळी अस्वलं असतात आणि त्यांना लांबूनही वास येतो, हे वाचल्यावर त्याने कनीजच्या बॅगेतून अत्तर, खोबरेल आणि भावासाठी ठेवलेले सोडे बाहेर काढले. तंबू हॉलमध्ये लावला आणि एसीचं तापमान इतकं कमी केलं की मुलगी हनिया स्वेटर घालून अभ्यासाला बसली.

"अब्बा, धिस इज नॉट नॉर्मल," ती म्हणाली.

"डोंगरात रात्री अशीच थंडी पडते. सवय कर."

रेनकोटची चाचणी झाली शॉवरखाली. बुटांची मात्र पंचाईत होती. चढावर चालल्याशिवाय बूट पायाला बसत नाहीत म्हणतात, आणि अल खोरमध्ये चढ कुठून आणायचा? शेवटी त्याला मॉलच्या पार्किंगचा रॅम्प सापडला. पाठीवर तांदळाची गोणी भरलेली सॅक घेऊन तो रोज संध्याकाळी रॅम्प चढायचा आणि उतरायचा. सिक्युरिटीवाल्याने पहिले काही दिवस पाहिलं, मग जवळ येऊन हळूच विचारलं, "सर, गाडी मिल नहीं रही क्या?"

ऑफिसात तर अब्बासचा दबदबाच वाढला. शेजारच्या टेबलावर बसणारा वसईचा सायमन त्याला मुद्दाम प्रश्न विचारायचा. "अब्बासभाय, वीज कडाडली तर काय करायचं?"

"उघड्या माथ्यावर थांबायचं नाही. झटकन खाली उतरायचं," अब्बास कॉम्प्युटरवरून नजर न काढता सांगायचा, जणू मागच्याच आठवड्यात उतरून आलाय.

मग व्हिसाची मुलाखत आली. कनीज आणि हनिया एका खिडकीशी, अब्बास दुसऱ्या. कनीजला विचारलं, कुठे जाताय? ती म्हणाली, भावाकडे. खलास, तिचं काम झालं.

अब्बासला हाच प्रश्न आला तेव्हा त्याची छाती फुगली.

"डोंगरात," तो म्हणाला.

"राहणार कुठे?"

"जंगलात. रोज जागा बदलत राहणार."

"सोबत काय असेल?"

"चाकू, दोर, गॅसची शेगडी."

"आणि तिथे तुमच्याशी संपर्क कसा होईल?"

"होणारच नाही," अब्बास आनंदाने म्हणाला. "हीच तर मजा आहे!"

खिडकीतल्या माणसाने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि एक चिठ्ठी दिली. आणखी चौकशी करावी लागेल, कळवू.

जून उजाडला तरी कळवलं नाही. तिकिटं काढलेली होती. कनीजचा पाय निघेना, पण हनिया हटून बसली आणि मायलेकी गेल्या. विमानतळावर अब्बासने कनीजला शेवटपर्यंत सूचना दिल्या. "अस्वल दिसलं तर पळायचं नाही. हात वर करायचे, मोठ्याने बोलायचं."

"मोठ्याने बोलायला तुम्ही नाही ना सोबत," कनीज म्हणाली आणि आत गेली.

तीन दिवस फोन लागला नाही. अब्बासने जेवण टाकलं, ऑफिसात सगळ्यांवर खेकसला, तिथल्या हवामानाचा अंदाज दर तासाला बघितला. चौथ्या दिवशी तो टेबलाशी बसला असताना फोटो आला. ओल्याचिंब कनीजच्या सलवारीला गुडघ्यापर्यंत चिखल, मागे धुक्यात डोंगरांमागे डोंगर, आणि ती तोंडभर हसत होती. असं हसताना त्याने तिला फार दिवसांत पाहिलं नव्हतं. सायमनने मान वळवून फोटो पाहिला. "भाबी एकदम फिट दिसतात!" तो म्हणाला. अब्बासने फोन उलटा ठेवला.

परत आल्यावर कनीजने सगळं सांगितलं. दुपारभर पाऊस पडला, दोन्ही घरच्या बायका तंबूत बसून पोट दुखेपर्यंत हसल्या. अस्वल आलं, त्यांच्याकडे बघून निघून गेलं. अश्फाकच्या पायाला फोड आले म्हणून त्याची सॅकसुद्धा तिनेच उचलली.

"वाटेतला ओढा उजवीकडे होता ना?" अब्बासने विचारलं.

"डावीकडे."

"शक्यच नाही. नकाशात उजवीकडे आहे."

"बरं, उजवीकडे," कनीज म्हणाली आणि चहा ठेवायला उठली.

पुढच्या जुम्म्याला घरी पाहुणे आले. अब्बासने त्यांना ओढा, धुकं, पाऊस सगळं ऐकवलं आणि बोलता बोलता 'ते' कधी 'आम्ही' झाले ते त्याचं त्यालाही कळलं नाही. कनीज ताटं वाढत होती. तिने त्याला अडवलं नाही.

सप्टेंबरात व्हिसा आला. कनीजने लगेच विचारलं, "यल्ला, चला, कधी निघायचं?"

अब्बास पासपोर्टाचं ते पान उलटसुलट करत राहिला. "आता अस्वलं हिवाळ्यासाठी खा-खा खातात. हा सीझन वेगळा, नीट अभ्यास करावा लागेल. पुढच्या वर्षी बघू, इन्शाल्ला."

कनीजने बूट घातले. हल्ली ती रोज संध्याकाळी समुद्राकाठच्या सपाट रस्त्यावर फिरायला जायची. त्या दिवशी अब्बासही निघाला. ती झपाझप पुढे चालली होती आणि तो मागून धापा टाकत ओरडत होता, "कनीज, थांब जरा! श्वास नाकाने घ्यायचा असतो!"