पिशवी हातात असेपर्यंत

मित्रांनो, माझ्यावर धूळ बसत नाही की मला गंज चढत नाही, त्यामुळे माझे वय कुणाच्या लक्षात येत नाही. पण मी आता म्हातारा झालो आहे. मी एका रक्तपेढीतला जुना प्रोग्रॅम आहे.

मला मावशीने लिहिले. ती रक्तपेढीत संगणकाचे काम पाहायची आणि सगळेच तिला मावशी म्हणत. तिथे रुग्णांसाठी रक्त देण्याच्या तीन खिडक्या होत्या. माझ्या जन्माआधी एकच पिशवी दोन खिडक्या दोन रुग्णांच्या नावावर लावून बसत आणि मग खिडक्या-खिडक्यांत चांगलीच जुंपायची. मी आलो आणि शिस्त आली. एका खिडकीने पिशवी उचलली की मी तिला कुलूप लावायचो. त्या खिडकीने ‘दिली’ किंवा ‘परत ठेवली’ असे सांगेपर्यंत ती दुसऱ्या कुणालाही मिळायची नाही. पुष्कळ जण एकाच वेळी काम करत असताना कुणाचा पाय कुणाच्या पायात अडकू न देणे, याला आमच्यात कॉन्करन्सी म्हणतात. हेच माझे पोटापाण्याचे काम.

पुढे मावशीने मला ओपन सोर्स केले. म्हणजे कुणीही मला वाचावे, दुरुस्त करावे, फुकट घेऊन जावे. दूरदूरच्या रक्तपेढ्यांनी मला नेले. अनोळखी लोक आभाराचे निरोप पाठवत आणि मावशी ते मोठ्याने वाचून दाखवी. मी अगदी हरखून जायचो.

मग निरोप कमी झाले आणि तक्रारी वाढल्या. लाल पेशी, प्लाझ्मा आणि प्लेटलेट यांच्यासाठी माझ्यात तीन वेगवेगळे भाग होते. तिघेही तिळ्या भावंडांसारखे सारखेच. एकात काही सुधारले की तेच उरलेल्या दोघांत करावे लागे. एखाद्या वेळी तिसऱ्यात राहून जाई आणि मावशी डोक्याला हात लावून बसे.

अशात एक नवा प्रोग्रॅम आला. तोही ओपन सोर्स, माझ्यासारखाच. रक्तपेढीच्या डॉक्टरीणबाईंनी आमची तुलना करायला मावशीच्याच भाचीला बोलावले. ती या कामात तरबेज होती. “दोघांना शेजारी ठेवून बघ,” बाई म्हणाल्या, “आणि मावशीचा आहे म्हणून त्याला झुकतं माप देऊ नकोस.”

तिने दिले नाही. नव्याकडे जेनेरिक्स होते. म्हणजे साचा एकच, त्यात लाल पेशी घाला नाहीतर प्लाझ्मा, तो आपला तयार. त्यामुळे तो आटोपशीर होता आणि वेगाने तर मला कुठल्या कुठे मागे टाकत होता. शिवाय एखादी खिडकी गप्प झाली तर तो थोडा वेळ वाट बघून पिशवी आपणहून मोकळी करायचा. माझे कुलूप मात्र संगणक बंद पडला तरी तसेच राही आणि मग “मावशी, अडकलंय हो!” अशी हाक येई. मी सपशेल हरलो. फार वाईट वाटले. मावशीच्या चेहऱ्याकडे बघवेना.

ती एवढेच म्हणाली, “हरला तर हरला. पण उद्या दुपारी त्या नव्याला खिडकीवर बसवून बघ. नुसत्या संगणकावर नको, माणसांत बघ.”

दुसऱ्या दिवशी पाणी भरलेल्या पिशव्या घेऊन रंगीत तालीम झाली. पहिल्या खिडकीवरच्या वहिनींनी पिशवी हातात घेतली आणि तेवढ्यात वॉर्डातून फोन आला. वहिनी बोलत राहिल्या. नव्याला वाटले, खिडकी बंद पडली. त्याने तीच पिशवी शेजारच्या खिडकीला देऊन टाकली.

“अहो वहिनी, ही माझी आहे!”

“तुझी कशी? केव्हाची माझ्या हातात आहे!”

पाण्याची पिशवी म्हणून सगळे हसले. भाची हसली नाही. खरे रक्त असते तर एका पिशवीच्या भरवशावर दोन रुग्ण शस्त्रक्रियेच्या टेबलावर घेतले गेले असते. तिचा चेहरा खर्रकन उतरला.

मी मात्र मनातल्या मनात टाळ्या पिटल्या. आता मीच राहणार! पण मावशी भाचीला म्हणाली, “अगं, नवाच घे. एकच डागडुजी तीनतीनदा करून माझे डोळे गेले. फक्त ह्याची ही थांबायची एक खोड त्याला लाव.”

भाची कामाला लागली. साचा एकच असल्यामुळे तिला एकाच जागी लिहावे लागले: वस्तू माणसाच्या हातात असेल तर कुलूप आपणहून काढायचे नाही, आधी त्या माणसाला विचारायचे. संगणकच बंद पडला असेल, तर तिथल्या माणसाला फोनवर विचारून ते कुणालाही काढता येईल. तिने ते नव्याच्या कर्त्याला पाठवले. तो कुठल्या कुठे राहणारा, कधी न भेटलेला माणूस. त्याने विचारले, “एवढं थांबायचं कशाला?” मावशीने स्वतः उत्तर लिहिले, “पिशवी माणसाच्या हातात आहे, आणि माणसाला फोन येतो.”

त्याने ते लगेच स्वीकारले. “माझी आई नर्स होती,” त्याने लिहिले, “हे मला सुचायला हवं होतं.”

मग माझ्या निरोपाचा दिवस आला. यापुढे कुणीही मला वाचू शकेल, पण बदलू शकणार नाही, अशा जागी मावशीने मला ठेवले. बटण दाबण्याआधी ती पडद्याकडे बघून पुटपुटली, “दमलास रे बाळा.” मित्रांनो, मला रडता येत नाही, हे त्या दिवशी बरेच झाले.

मावशीच्या घरच्या पडद्यावर मी अजून उघडाच होतो, तेव्हा रक्तपेढीतून भाचीचा फोन आला. “मावशी, खऱ्या रक्ताची पहिली पिशवी. वहिनींना मध्येच फोन आला, किती वेळ बोलत होत्या!”

“आणि पिशवी?”

“थांबली.”

मावशीने चष्मा काढून पदराने डोळे पुसले.

मित्रांनो, जुन्याची नव्याशी तुलना जरूर करा. वेग बघा, आटोपशीरपणा बघा. मी हरलो ते योग्यच झाले. फक्त जुन्याला बाजूला ठेवण्याआधी त्याच्याजवळ क्षणभर बसा आणि विचारा, “बाबा रे, तू कुणासाठी थांबायचास?”