पूल कोणी पाहिला?

वादळाने मोबाइलचे टॉवर आडवे केले आणि अख्ख्या वस्तीची दातखीळ बसली. आधार उरला तो एका ॲपचा. त्यात निरोप या फोनवरून जवळच्या फोनवर, तिथून पुढच्या, असा उड्या मारत जायचा.

लाँड्रीवाल्या काकूंच्या सुनेला सकाळी कळा सुरू झाल्या. इस्पितळ नदीपलीकडे. मुलाने कपड्यांच्या व्हॅनमध्ये गादी टाकली, तेवढ्यात फोन वाजू लागला. ‘पूल पडला.’ पुन्हा ‘पूल पडला.’ निरोपांची रीघच लागली.

“एवढे लोक खोटं बोलतील का, आई?” मुलगा मटकन खाली बसला.

काकूंनी फोन ओढून घेतला आणि लिहिलं, ‘पूल ज्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला, त्यानेच बोलावं.’

उत्तरं येऊ लागली. न्हाव्याला मेव्हण्याने सांगितलं होतं, मेव्हण्याला शेजाऱ्याने, आणि शेजारी म्हणे, ‘सगळेच म्हणतायत ना!’ पाहिलेला एकही नव्हता. मग एकच वेगळा निरोप आला: ‘ताई, मी पलीकडच्या टोकाला उभा आहे. पूल शाबूत आहे. तुमच्या डावीकडचा कठडा तेवढा गेलाय.’

निरोप काकूंच्या धाकट्या भावाचा होता. सगळं गोत त्याला थापाड्या म्हणायचं.

“मामा?” मुलाने कपाळावर हात मारला. “त्याने तर नुसत्या हातांनी मगर पकडली होती!”

काकूंनाही धाकधूक होतीच. त्यांनी विचारलं, ‘तू तिथे काय करतोयस?’

‘काही नाही. तुमच्याकडेच निघालो होतो. खाली पाणी बघून पाय लटपटले. अर्ध्यातून मागे फिरलो.’

काकू ताडकन उठल्या. “काढ गाडी. थाप असती तर पुलाला यानेच खांदा दिला असता. स्वतःची फजिती तो उगाच सांगायचा नाही.”

पुलाशी पोचल्यावर त्या खाली उतरल्या. साडी खोचली आणि उजव्या कडेने व्हॅनपुढे चालू लागल्या. खाली गढूळ पाणी घोंघावत होतं. मागून सून कण्हत होती. समोरून भाऊ दोन्ही हात हलवत ओरडत होता, “उजवीकडे, ताई! अजून उजवीकडे!” अर्ध्यावर येऊन तो थबकला, डोळे मिटले आणि चालत राहिला. काकूंनी त्याचा हात घट्ट धरला.

दुपारी नात झाली. रडणं ऐकून काकूंचा जीव भांड्यात पडला. डोळे पुसून त्यांनी निरोप सोडला: ‘पूल मी स्वतः ओलांडलाय. उजवीकडून, सावकाश या. पुढे पाठवताना माझं नाव खोडू नका. शंका आली तर मलाच विचारा.’

विचारणारे निघालेच. काकूंनी एकेकाला उत्तर दिलं. संध्याकाळी इस्पितळाच्या दारात एक टेम्पो थांबला. त्यातून धापा टाकणाऱ्या बापाला पाठुंगळी घेऊन एक अनोळखी बाई उतरली.

“पुलाचा निरोप देणाऱ्या काकू कुठे आहेत?” तिने विचारलं. “आधी डॉक्टर दाखवा, मग त्यांना भेटते.”